सुकरीचा वाटा

ऊर्जानगर, चंद्रपूर
१२ जानेवारी २०२५

चि. सौ. भागीरथा हिस,
बाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. गुलाबभाऊंनी एसटी डेपोत लावली आणि घरी जाता जाता दारात थांबून स्वतः हातात दिलं. पाकिटाला डिझेलचा वास होता, पण शाबूत होतं. तुमच्या पेरमगट्ट्यात मोबाईलचा टॉवर उभा राहील तेव्हा राहो, तोवर आपलं हे टपाल बरं आहे. इथून अहेरीपर्यंत गुलाबभाऊ, अहेरीच्या ऑफिसातून तुझे यजमान धनराजजी, आणि शनिवारी त्यांच्या मोटारसायकलवरून थेट तुझ्या शाळेत. तू टेकडी चढून फोन करतेस तो निम्म्यात तुटतो आणि मग दोन दिवस मला रुखरुख लागते. पत्रात निदान वाक्य पुरं होतं.

इकडे सगळं ठीक. तुझ्या दिनेशभाऊजींची वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममधली पाळी आता सकाळची झाली, म्हणून संध्याकाळ त्यांची. सातला टीव्ही लावतात, आणि आवाज असा की शेजारच्या क्वार्टरला वेगळा टीव्ही लावायची गरज नाही. बातम्या देणारी ती बाई आहे ना, मोत्याच्या कुड्या घालणारी, तिचा मला मनापासून राग येतो. अर्धा तास हे तिच्याकडे एकटक बघतात. मधे मी वाढू का विचारलं तर हात वर करून गप्प राहायला सांगतात. आजवर मी तेवीस विज्ञानकथा लिहिल्या, छापून आल्या सात. त्यातली एक तरी यांनी शेवटपर्यंत ऐकली असेल तर शपथ. त्या बाईचं मात्र उद्याचं हवामानसुद्धा ऐकतात. हसू नकोस. मला खरंच तिचा हेवा वाटतो.

आता मुख्य बातमी. पुण्याचं एक मासिक मे महिन्यात फक्त बायकांनी लिहिलेल्या विज्ञानकथांचा विशेषांक काढतं आहे. एकतीस मार्चपर्यंत कथा पाठवायची, आणि पहिली आलेल्या कथेच्या लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर. बावन्नाव्या वर्षी मुखपृष्ठावर नाव यावं असं वाटणं बरं नव्हे, पण वाटतं. मंगळावरच्या वीजकेंद्राची एक गोष्ट सुरू केली आहे. चार पानं झाली. माझी माणसं नुसती बटणं दाबत राहतात, त्यांच्यात जीव म्हणून येत नाही.

पोंभुर्ण्याला बाबा संध्याकाळी रेडिओवर बातम्या लावायचे आणि संपल्या की आपल्या दोघींना विचारायचे, काय काय सांगितलं म्हणून. आठवतं का? मी शब्दन् शब्द सांगायची. तू मधेच पेंगलेली असायचीस आणि मनाचं काहीही ठोकून द्यायचीस. आता तुमच्या समाजमंदिरात टीव्ही आला म्हणतेस, तर या वयात तरी बातम्या नीट ऐकत जा.

लोभ आहेच. तो गुलाबभाऊंच्या गाडीसारखा उशिरा का होईना, पोचता राहावा.

तुझी,
बाई


पेरमगट्टा, ता. अहेरी
२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. बाईस,
भागीरथाचा सा. न. वि. वि.

तू बातम्या नीट ऐकायला सांगितलंस आणि इथं नेमका त्याचाच घोळ झाला आहे. सगळं लिहिते, मग रागव.

टीव्ही सोलरच्या बॅटरीवर चालतो. सात वाजता गावातल्या म्हाताऱ्या बायका येऊन बसतात. सुरुवातीला नुसती चित्रं बघायच्या, कारण त्यांना मराठी येत नाही. एके दिवशी बुधरीबाईंनी मला विचारलं, ही टीव्हीतली बाई रोज एवढी कशाची काळजी करत असते. (बुधरीबाई म्हणजे सगळ्यांत थोरली. सत्तरीची असेल, पण मोहाची टोपली डोक्यावर घेऊन माझ्या पुढे चालते.) तेव्हापासून मी बातम्या गोंडीत सांगू लागले. सोळा वर्षं या शाळेत काढली तरी माझी गोंडी ऐकून त्या तोंडाला पदर लावतात. पण ऐकतात.

बॅटरी जुनी आहे. सव्वासातला टीव्ही बंद पडतो. तुमच्या चिमण्यांची वीज कुठे जाते ते भाऊजींना विचार. तर एका शुक्रवारी बातमी होती, की चंद्रावर माणसं मुक्कामाला पाठवायची तयारी चालली आहे आणि पहिल्या तुकडीत एक बाई आहे. तेवढ्यात बॅटरी गेली. एरवी बायका उठतात, त्या दिवशी कोणी उठेना. बुधरीबाई म्हणाल्या, बाईमाणसाला असं अधांतरी सोडून घरी जायचं नसतं, ती पोचली की नाही ते सांग. मी काय करणार? सांगून टाकलं, की पोचली.

मग काय, तिचं नाव काय, पाणी कुठून आणते, चूल कशावर पेटवते? नाव मला आठवत नव्हतं. शुक्रवार होता म्हणून त्यांनीच तिला सुकरी म्हटलं. पाण्यासाठी ती उन्ह न पोचणाऱ्या खड्ड्यातला बर्फ खरवडून आणते. जाताना तिनं पदराच्या गाठीत मोहाची बी नेली होती, ती काचेच्या मोठ्या छपराखाली लावली. झाड आलं, फुलं लागली. आणि तुझ्याच एका कथेत वाचलं होतं की चंद्रावर सगळं हळू पडतं, म्हणून मी सांगितलं की मोहाचं फूल देठापासून सुटलं की सुकरी पाणी आणायला जाते, आणि परत आली तरी ते खाली येतच असतं. पहाटे उठून मोह वेचण्यात ज्यांच्या कंबरा गेल्या, त्यांना ते फारच आवडलं.

आता रोज हेच. बॅटरी गेली की सगळ्या टीव्हीकडून माझ्याकडे वळतात. पोरांना खोटं बोलू नका शिकवते आणि संध्याकाळी स्वतःच हे असं. बाई, ह्याला विज्ञानकथा म्हणतात का ग? तुलाच कळेल.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.

तुझी,
भागीरथा


ऊर्जानगर
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. भागीरथा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तीनदा वाचलं.

तू विचारलंस ते सांगते. विज्ञानकथेला विज्ञान लागतं. चंद्राची ओढ पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याची, हे खरं. पण मोहाचं झाड धरून चाल तीस-पस्तीस फुटांचं. तेवढ्या उंचीवरून सुटलेलं फूल चंद्रावरही साडेतीन सेकंदांत जमिनीवर येईल. साडेतीन सेकंदांत तुझी सुकरी घागरसुद्धा उचलणार नाही. माझ्या कथेत हे बरोबर दिलं होतं, तू वाचताना पेंगली असशील.

बाकी ठीक जमलं आहे म्हणायचं. खरं सांगू, मला थोडं लागलं. माझ्या मंगळावरच्या माणसांची नावं मी महिनाभर शोधते आहे आणि तुझ्या बाईला नुसत्या वारावरून नाव मिळालं. माझ्या सात छापील कथांना मिळून सात पत्रं आली नाहीत, आणि तुझ्याकडे बायका उठायचं नाव घेत नाहीत.

तरी पुढे काय झालं ते सविस्तर लिही. छप्पर केवढं, झाड कशावर वाढतं, बायका काय काय विचारतात, सगळं. चुका असतील तर मी सुधारून देईन.

मला तुझ्याशिवाय हक्काचं कोण आहे? हे जाणून असावं.

बाई


पेरमगट्टा
९ मार्च २०२५

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

तुझे साडेतीन सेकंद मी दुसऱ्याच दिवशी बायकांना सांगितले. म्हटलं, माझी मोठी बहीण चंद्रपूरला विज्ञानकथा लिहिते, तिनं चूक काढली आहे. सगळ्या खट्टू झाल्या. बुधरीबाई मात्र जरा वेळानं म्हणाल्या, की जिथं फूल सावकाश पडतं तिथं झाडालाही खाली ओढणारं काही नसेल. मग ते इथल्याएवढंच का थांबेल? ते वाढतच गेलं असणार. शेंडा दिसत नाही एवढ्या उंचावरून फूल सुटतं, म्हणून वेळ लागतो. तुझ्या बहिणीला विचार, म्हणाल्या. तर विचारते.

छप्पर आता झाडाबरोबर वाढतं, कारण सुकरी ते दर पौर्णिमेला उसवते आणि पुन्हा शिवते. तिथला दिवस आपल्या चौदा दिवसांचा, हे मी तुझ्याकडूनच घेतलं. तर मोह वेचायची पहाटही तिथं लांबलचक. इतकी, की सुकरी वेचता वेचता बसते, उठते, गाणं म्हणते, तरी उन्ह वर येत नाही. सगळ्यांत धाकट्या आशाबाई म्हणाल्या, की असली पहाट एकदा मिळाली असती तर कंबर शाबूत राहिली असती.

आमच्याकडेही मोह पडायला लागला आहे. त्यामुळे सुकरीनं पहिलं फूल वेचलं, इथपर्यंत गोष्ट आली आणि तिथंच अडली. तिनं ते खायचं की नाही यावर बायकांत मोठा वाद चालू आहे. तो आता गावच्या पुजाऱ्यांकडे, कोलूदादांकडे गेला आहे. त्यात यांचं एक असं आहे, की ते दोन ओळींत सांगण्यासारखं नाही. धनराज निघायची घाई करताहेत, गाडी सुरू करून उभे आहेत. पुढच्या पत्रात नीट लिहीन.

तुझी कथा कुठपर्यंत आली? मुखपृष्ठावर तुझं नाव आलं की मी तो अंक समाजमंदिरात टांगणार आहे.

तुझ्या मायेची सावली असू दे.

भागीरथा


ऊर्जानगर
१६ मार्च २०२५

चि. सौ. भागीरथा हिस आशीर्वाद.

तुझं पत्र मी बातम्यांच्या वेळी वाचत होते. हसू आलं म्हणून यांनी विचारलं, काऊन हसून राह्यली म्हणून. मी दोन ओळी वाचल्या. यांनी रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. भागीरथा, आवाज बंद केला! कुडीवाली बाई नुसते ओठ हलवत राहिली आणि हे म्हणाले, की पुरं वाच. पुरं वाचलं. मग पेन घेतलं आणि हाताशी आलेल्या कागदावर गणित मांडलं. पाणी आणायला दहा मिनिटं धरली, तर झाड दोनशे एक्क्याण्णव किलोमीटर उंच पाहिजे. चंद्रपूरहून अहेरीला जाऊन परत यावं आणि तरी उरावं, एवढं. ते आकडा बघून लहान पोरासारखे हसत होते. बुधरीबाईंची बात एकदम बरोबर हाय, म्हणाले. हाताशी आलेला तो कागद माझ्या मंगळाच्या कथेचं पाचवं पान होतं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

असो. दुसरं लिहायचं आहे ते गंभीर आहे. मी मोठी आहे, म्हणून बोलावं लागतं. तू त्या गावची शिक्षिका आहेस. पोरांच्या लशी, वाघ फिरतो आहे, नाल्याला पूर येणार, हे सगळं त्या बायका तुझ्या तोंडून ऐकतात. उद्या त्यांना कळलं की रोज संध्याकाळी बाई बातम्या म्हणून थापा मारतात, तर खऱ्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवेल? त्या भोळ्या आहेत. त्यांच्या भोळेपणाशी असं खेळणं तुला शोभत नाही. त्यांना खरं काय ते सांगून टाक आणि हे थांबव. लगेच थांबव.

माझी कथा आता वेगानं चालली आहे. विषय थोडा बदलला.

तुझ्या भल्यासाठीच लिहिलं आहे, तसंच घ्यावं.

बाई


पेरमगट्टा
३० मार्च २०२५

ती. सौ. बाईस सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं त्यांना खरं सांगितलं. त्या काय म्हणाल्या ते लिहीत नाही. गोष्ट थांबवली आहे. बॅटरी गेली की आता आम्ही थोडा वेळ बसतो आणि आपापल्या घरी जातो.

तुझं म्हणणं बरोबरच असेल. तुला माझ्यापेक्षा कळतं, हे लहानपणापासूनचं आहे.

आमच्यावरची नजर काढून घेऊ नये.

भागीरथा


पेरमगट्टा
२५ मे २०२५

सौ. रीताबाईस,
नमस्कार.

काल धनराजांनी मासिक आणून दिलं. दिनेशभाऊजींनी गुलाबभाऊंच्या हाती पाठवलं होतं. सोबत चिठ्ठी नव्हती. एका पानात फक्त एक घडी घातलेला कागद होता. त्याच्या एका बाजूला तुझ्या अक्षरात मंगळाचं वीजकेंद्र आणि दुसऱ्या बाजूला दोनशे एक्क्याण्णव किलोमीटरचं गणित. ते पान उघडलं आणि समोर सुकरी.

मुखपृष्ठावर तुझं नाव पाहिलं. छान आलं आहे, निळ्या अक्षरात. खरं सांगते, मला हेवा वाटला. मी कधी काही लिहिणार नव्हते, कुठे पाठवणार नव्हते, मग हेवा कशाचा ते मला अजून कळत नाही. पण दुपारभर तो अंक मांडीवर घेऊन शाळेच्या ओट्यावर बसून होते.

संध्याकाळी बॅटरी गेल्यावर बायकांना ती कथा गोंडीत वाचून दाखवली. का दाखवली मला माहीत नाही. तू दोन महिने माझी बोलती बंद केली होतीस, म्हणून असेल. आधी सगळ्या हरखल्या, सुकरी पुस्तकात गेली म्हणून. उंच झाडाचं आलं तेव्हा बुधरीबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि हे आपण सांगितलं होतं, असं सगळ्यांना पुन्हा ऐकवलं. मग शेवटचं पान आलं. तू लिहिलं आहेस, की सुकरी पहिलं फूल ओंजळीत घेते, चंद्रावरची पहिली बाई म्हणून ताठ उभी राहते आणि ते तोंडात टाकते. तिथं आशाबाईंनी तोंडावर हात ठेवला.

जे तुला पुढच्या पत्रात लिहिणार होते ते आता लिहिते. इथं नवा मोह, नवा आंबा, काहीही नवं आलं तरी पंडुम झाल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. गावदेवापुढे आधी ठेवायचं, सगळ्या गावानं मिळून, आणि मग खायचं. पोरं भुकेली असली तरी हात लावत नाहीत. सुकरी तिथं एकटी. तिथं ना गाव ना गावदेव, तिचा पंडुम कोण करणार, हाच तो वाद होता. कोलूदादांनी निकाल दिला, की ती या गावची बी घेऊन गेली, म्हणजे ती या गावची. तिचा पंडुम इथंच होईल आणि तोवर ती थांबेल. एप्रिलमध्ये पंडुम झाला तेव्हा त्यांनी पळसाच्या पानावर मोहाचा एक वाटा वेगळा काढला आणि देवापुढे ठेवला. सुकरीचा. मी तर गोष्ट थांबवून तेव्हा तीन आठवडे झाले होते.

त्या भोळ्या आहेत असं तू लिहिलं होतंस. मार्चमध्ये मी हात जोडून खरं सांगितलं, की टीव्ही बंद पडल्यावरचं सगळं माझ्या मनचं आहे, तेव्हा बुधरीबाई हसल्या. म्हणाल्या, बॅटरीच्या डब्यावरचा लाल दिवा विझलेला आम्हाला दिसत नाही का? दिवा आहे तोवर त्या बाईची बातमी आणि दिवा गेला की तुझी, एवढं आम्हाला पहिल्या दिवसापासून कळतं. त्यांनी कधी दोन्हींची सरमिसळ केली नव्हती. लाजले म्हणून तुला तेव्हा लिहिलं नाही. तरी गोष्ट बंद ठेवली, कारण मोठ्या बहिणीनं सांगितलं होतं.

काल कथा संपल्यावर बुधरीबाईंनी एकच विचारलं, की ज्या बाईनं हे लिहिलं तिला गाव नाही का. ती माझी सख्खी बहीण आहे, हे माझ्या तोंडून निघालं नाही.

त्या म्हणतात, तू पुढचं सांग, सुकरी अजून थांबली आहे. मी तोंड उघडते आणि वाटतं, हे आता छापलेलं आहे, दुसऱ्याच्या नावाचं आहे. आता ते सांगायला मी परवानगी कोणाची मागायची?

शेवटी जे लिहायचं असतं ते या वेळी लिहीत नाही.

भागीरथा


ऊर्जानगर
८ जून २०२५

चि. सौ. भागीरथा हिस,
आशीर्वाद लिहायचा हक्क राहिला आहे का ते तू ठरव. मी सवयीनं लिहिते आहे.

मी चोरी केली. हे वाक्य लिहायला मला आठ दिवस आणि अकरा कागद लागले. आधीच्या दहांवर मी लिहिलं होतं, की चंद्रावर हळू पडणं मुळात माझ्याच कथेतलं, बी माझीच. ते सगळे फाडले. बी माझी असेल, पण माझ्या अंगणात ती सहा वर्षं उगवली नव्हती.

तुला थांबवलं ते बायकांच्या काळजीनं नाही. यांनी टीव्हीचा आवाज बंद केला ना, त्या क्षणी थांबवायचं ठरलं. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यासाठी तो कधी बंद केला नव्हता. आणि त्याहून जुनं आहे. बाबा बातम्यांनंतर विचारायचे तेव्हा मी सगळं बरोबर सांगायची. ते शाबास म्हणायचे आणि तुझ्याकडे वळायचे. तू चुकीचं सांगायचीस, धडधडीत चुकीचं, आणि ते चष्मा काढून, डोळे पुसत हसून, तुला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचे. मला त्यांनी कधी पुन्हा सांग म्हटलं नाही. बरोबर असलेलं कोण दुसऱ्यांदा ऐकतं? मी नऊ वर्षांची होते. तेव्हापासून मी तुझा हेवा करते आहे आणि त्याला मोठ्या बहिणीची काळजी म्हणते आहे.

आता माझं काय झालं ते ऐक, म्हणजे तुझा राग थोडा निवेल. अंक आल्यावर इथल्या केबलवाल्यांनी माझी मुलाखत घेतली. सातच्या स्थानिक बातम्यांत दाखवली. मी नवी पैठणी नेसले होते आणि, लिहायला लाज वाटते, कानात मोत्याच्या कुड्या घातल्या होत्या. सगळ्या क्वार्टरांना सांगून ठेवलं होतं. पडद्यावर मी आले आणि फूल हळू पडण्याचा उतारा वाचू लागले. हे खुर्चीत होते. चार ओळी झाल्या असतील. यांनी रिमोट उचलला आणि माझा आवाज बंद केला. मी तिथं नुसते ओठ हलवत राहिले.

मग म्हणाले, की अंक त्यांनी तुला पाठवला आहे. तुझं नाव कुठे तरी असेल म्हणून तीनदा पानं उलटून पाहिली, पण दिसलं नाई. एवढंच बोलले आणि जेवायला उठले. मी मात्र जेवले नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मासिकाला पत्र टाकलं. सुकरी, तिचं झाड, तिची पहाट हे पेरमगट्ट्याच्या भागीरथाबाईंचं आणि बुधरीबाईंचं आहे, आणि कथेचा शेवट तेवढा माझा असून तो चुकीचा आहे, असं लिहिलं. त्यांचं उत्तर आलं. पुढच्या अंकात माझं पत्र जसंच्या तसं छापणार आहेत आणि यापुढे मी कथा पाठवू नये, असं सभ्य शब्दांत सुचवलं आहे. बरोबर आहे त्यांचं.

तू विचारलंस, परवानगी कोणाची मागायची. माझी तर नाहीच. ती गोष्ट माझ्याकडे कधी नव्हती, मी फक्त तिच्यावर नाव टाकलं होतं. सुकरीचा वाटा त्यांनी पानावर काढून ठेवला आणि मी तोच उचलून खाल्ला. माझ्या हातून शेवट तसाच लिहिला जाणार होता. बुधरीबाईंना सांग, की जिनं लिहिलं ती तुझी बहीण आहे. तिला गाव आहे, पोंभुर्णा. पण ती फार दिवस तिकडे फिरकली नाही.

एकवीस जूनला, शनिवारी, गुलाबभाऊंच्या गाडीनं निघते आहे. तू नको म्हटलंस तर धनराजजींकडे निरोप ठेव, मी अहेरीहून परत फिरेन. हे पण येतो म्हणतात. तुमची बॅटरी बघून नीट करून देतो, म्हणतात. मी त्यांना बजावलं आहे, की खबरदार बॅटरीला हात लावाल तर. ती सव्वासातला गेलीच पाहिजे.

मला पुढे बसवू नकोस. बुधरीबाईंच्या मागे, भिंतीशी जागा दे. दिवा विझला की तू सुकरीचं पुढचं सांग, त्यांच्याकडे बघून, गोंडीत. मला गोंडी येत नाही, तेव्हा माझ्याकडून काही चोरलं जाणार नाही.

तुझी,
बाई